सोबत पुरावे जोडले आहेत

ज्या गोष्टीमुळे ताथवड्यात भाड्याचं घर मिळत नाही, तीच गोष्ट नीट सिद्ध करून दाखवली की हॉलंडमध्ये राहायचा परवाना मिळतो. लग्न न करता एकत्र राहणं, ही ती गोष्ट. इथं तिचा नुसता संशय पुरतो, तिथं तिची खात्री पटवावी लागते. या दोहोंच्या कात्रीत माझी भाची सापडली, तिचा ब्राझीलचा मित्र सापडला आणि मामा म्हणून मीही सापडलो. फाइल लावायचं काम आपसूक माझ्याकडे आलं, कारण मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेला माणूस. आमच्या विभागाचा धर्म एकच होता : जे लिहून ठेवलेलं नाही, ते घडलेलंच नाही.

ताथवडे हे तसं समजूतदार गाव. 2009मध्ये ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि त्यानंतर जे जे येईल त्याला त्यानं जागा करून दिली. पशुसंवर्धन खात्याचं वळू माता प्रक्षेत्र, अभियांत्रिकी आणि मॅनेजमेंटची कॉलेजं, हिंजवडीचे आयटीवाले, सगळे एकाच गावात नांदतात. एका अंगाला वाकड, दुसऱ्या अंगाला पुनावळे, मधून मुंबई-बंगळूर महामार्ग आणि महामार्गाखालच्या भुयारी मार्गात अडकलेले आपण. मूळचे ताथवडेकर आता शोधावे लागतात. तरीही भाड्याच्या जाहिरातीत माणसांचे प्रकार दोनच. फॅमिली आणि बॅचलर. फॅमिलीला फ्लॅट, बॅचलरला कॉट बेसिस. दोन्हींत न बसणारं जोडपं आलं की एजंट त्यांना एकदा निरखून बघतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "बहीण-भाऊ आहोत म्हणून सांगा ना." एक सांगलीची, एक ब्राझीलचा. बहीण-भाऊ म्हणून सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

कायद्याची काही आडकाठी नाही. सज्ञान स्त्री-पुरुषांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010मध्ये अभिनेत्री खुशबू यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005च्या कायद्यानं तर लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण दिलं. पण सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आमच्या सोसायटीपर्यंत यायचे म्हणजे त्यांनाही त्या भुयारी मार्गातूनच यावं लागतं.

तेव्हा दोघांनी रीतीप्रमाणे केलं. आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये, तिच्या एकटीच्या नावानं लीव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार झाला. तो चाकणला एका प्रकल्पासाठी आलेला इंजिनिअर. त्याच्या नावावर रावेतला एक खोली. तिचं भाडं तो इमानेइतबारे भरायचा आणि राहायला इथं असायचा. अब्रूचंही भाडं असतं, आणि आमच्या भागात ते वन बीएचकेच्या दरानं आकारतात. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये रोज संध्याकाळी त्याची नोंद व्हायची : पाहुणा. हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन रोज येणारा पाहुणा वॉचमननं त्याच्या उभ्या नोकरीत पाहिला नव्हता, पण तो भला माणूस, बोलला नाही.

मग आइंडहोव्हनहून भाचीला नोकरी आली. फिलिप्स कंपनी 1891मध्ये ज्या गावात जन्मली ते हे गाव. आता शेजारच्या वेल्डहोव्हनला चिप बनवण्याची यंत्रं तयार करणारी एएसएमएल आहे आणि तिच्या आसऱ्यानं बरीच मराठी मंडळी तिकडे पोहे-उपमा करत असतात. आमच्या पट्ट्याला युरोप नवा नाही. दापोडीची सँडविक आणि अ‍ॅटलास कॉप्को, चिंचवडची एसकेएफ, पिंपरीची केएसबी ही स्वीडन-जर्मनीची नावं आमच्या पिढीला शेजारपाजारच्यांच्या आडनावांइतकी पाठ. 2009मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला. बेअरिंग आलं, पंप आले, गाड्या आल्या आणि इथलेच होऊन गेले. दूध घालणाऱ्या आबांना मी बातमी सांगितली तर ते म्हणाले, "हॉलंड? आपल्या एचएफ गाई तिकडच्याच की! चांगला मुलूख असणार. पोरगी सुखात राहील." फ्रीजियन गाईचं मूळ खरंच फ्रीसलंडचं. पण गाईला अविवाहित असल्याचा दाखला कुणी मागितला नव्हता.

भाचीकडे तो मागितला. तोही दोघांकडे.

हॉलंडचं म्हणणं साधं आहे. उच्चशिक्षित कामगार म्हणून बोलावलेल्या माणसाला आपला साथीदार सोबत आणता येतो, लग्न झालेलं असो वा नसो. नोकरीवाल्याच्या साथीदाराला तिथं काम करायचीही मोकळीक. नातं मात्र टिकाऊ हवं आणि एकनिष्ठ हवं, दोघांनी एकाच पत्त्यावर राहायला हवं आणि दुसरीकडे कुठं लग्न झालेलं नाही याचे दोघांचे दाखले हवेत. नातं कसं जुळलं, हे अर्जात लिहून द्यायचं. वाचताना मला वाटलं, हे प्रश्न भाचीच्या आईनं, म्हणजे आमच्या ताईनंही विचारले होते. फक्त तिनं ते रडत विचारले होते.

पुढची गंमत पासपोर्टची. नोकरी भाचीला, पगार भाचीला, पण भारतीय पासपोर्टवर तिला व्हिसाशिवाय तिकडे पाऊल टाकता येत नाही. हा मात्र ब्राझीलच्या पासपोर्टवर शेंगेन देशांत नव्वद दिवस बिनव्हिसाचा हिंडू शकतो. राहायचं म्हटलं की तो तिच्या आधारानं राहणार. ताईच्या जावा विचारू लागल्या, "तो तिकडे काय करणार?" लग्नानंतर बायको नवऱ्यामागून दुबईला गेली तर ती काय करणार, असं कुणी विचारत नाही. पुरुष बाईमागून निघाला की सगळ्यांना त्याच्या करिअरची काळजी लागते.

फाइल लावता लावता मी शेजारच्या देशांचे नियमही वाचून काढले. काम नसलेल्या क्वालिटीवाल्याला दुसऱ्याच्या कार्यपद्धती वाचण्यासारखं सुख नाही. युरोप आपल्याला लांबून एक दिसतो, पण प्रेमाच्या बाबतीत तिथं दर दोन तासांच्या रेल्वेप्रवासाला नियम बदलतो. जर्मनीत साथीदार म्हणून राहायचा परवाना हवा तर आधी लग्न हवं. वर बहुतेकांना ए-वन पातळीचं जर्मनही लागतं, म्हणून बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात नव्या नवऱ्या दातिव्ह आणि अकुझातिव्हशी झटत असतात. डेन्मार्कमध्ये 2002पासून दोघांचंही वय किमान 24 लागतं, प्रेम त्याआधी जडलं असेल तर ते दाबून ठेवायचं. फ्रान्सनं 1999मध्ये लग्नाच्या अलीकडचा एक करार काढला, हॉलंडनं नोंदणीकृत सहजीवन त्याच्या आधीच, 1998मध्ये. ब्रिटनमध्ये दोन वर्षांचं नातं दाखवावं लागतं. पण माझी मती गुंग केली ती बेल्जियमनं. तिथं नातं टिकाऊ ठरवायचे रस्ते तीन. वर्षभर एकत्र राहिल्याचं दाखवा, नाहीतर दोघांचं मूल दाखवा, नाहीतर दोन वर्षांची ओळख, त्या काळात तीन भेटी आणि त्या भेटींचे मिळून किमान 45 दिवस. आपल्याकडे 36 पैकी 18 गुण जुळले की गुरुजी मान डोलावतात. बेल्जियमला 45 लागतात, आणि शांत करून घ्यायला मंगळही नाही.

ताईचा मार्ग सरळ होता. तिनं सांगलीहून फोनवर सांगितलं, "मग लग्नच करून टाका की. आठ दिवसांत उरकू." आठ दिवसांत उरकत नाही. 1954च्या विशेष विवाह कायद्यानं तीस दिवसांची नोटीस लागते, आणि ती कचेरीत सगळ्यांना वाचता येईल अशी लावतात. पण खरा अडथळा नोटिशीचा नव्हता. भाची म्हणाली, "मामा, लग्न करायचं तर आमच्यासाठी करू. व्हिसा ऑफिसरला आहेर कशाला?" मला हे पटलं. ताईला पटलं नाही. पण साखरपुडा तरी करा, फोटो पुराव्याला होतील, असं ती म्हणाली, तेव्हा मला कळलं की आमच्या घराण्यात क्वालिटीचं अंग माझ्या एकट्याचं नाही.

कागदांचा हा सोस नवा समजायचं कारण नाही. इंदूरचे तुकोजीराव होळकर तिसरे 1928मध्ये अमेरिकेतल्या नॅन्सी मिलर या मुलीशी लग्न करायला निघाले, तेव्हा पासपोर्टाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. अडलं होतं ते जातीपाशी. मग नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिला हिंदू करून घेतलं, धनगर समाजातल्या एका कुटुंबानं तिला दत्तक घेतलं, शर्मिष्ठादेवी असं नाव दिलं आणि त्यानंतर लग्न लागलं. सिएटलच्या मुलीला धनगरांची लेक व्हावं लागलं, तेव्हा कुठं तिचा प्रवेश मंजूर झाला. महाराज असूनही सुटका नव्हती. गादी तर त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडली होती.

लग्नाशिवायच्या जोडप्याचा दाखला हवा असेल तर तो त्याच दशकातल्या बर्लिनमध्ये सापडतो. सरोजिनी नायडूंचे क्रांतिकारक भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि अमेरिकन पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली तिथं काही वर्षं नवरा-बायकोसारखे राहिले. त्यांचं लग्न झालं नव्हतं, होणंही कठीण होतं, कारण चट्टोपाध्यायांची पहिली बायको हयात होती. ब्रिटिश हेर त्यांच्या मागावर असायचे. म्हणजे आज आम्ही फाइलमध्ये जो पुरावा चिकटवत बसलो होतो, तो त्यांच्यासाठी सरकार स्वतःच्या खर्चानं गोळा करत होतं. हा विचार माझ्या डोक्यात राहिला आणि पुढे कामाला आला.

कारण पुरावाच नव्हता. भाचीनं सगळं इतकं नीट लपवलं होतं की सिद्ध करायला काही उरलं नव्हतं. करारावर तिचं एकटीचं नाव. महावितरणचं बिल घरमालकाच्या नावावर. त्याचा पत्ता कागदोपत्री रावेतचा. सांगलीला पाठवलेल्या प्रत्येक फोटोतून त्याला कापलेलं, कोकणातल्या एका फोटोत तेवढं त्याचं कोपर राहून गेलेलं. कोपराच्या बळावर टिकाऊ नातं सिद्ध होत नाही. त्याच्या बाजूनं मात्र भरभराट. ब्राझीलच्या 1988च्या राज्यघटनेनंच लग्नाविना स्थिर सहजीवनाला कुटुंब मानलं आहे. त्यामुळे त्याच्या आईला लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. भाचीचा फोटो तिनं दिवाणखान्यात लावला होता. तिनं पाठवलेल्या फोटोंत आमची भाची प्रथमच अखंड दिसली.

अविवाहित असल्याच्या दाखल्याचीही कथा आहे. आमची भाची अविवाहित आहे, ही गोष्ट सांगलीपासून ताथवड्यापर्यंत सर्वांना तोंडपाठ. प्रत्येक लग्नात, बारशात, वास्तुशांतीत ती तिच्या तोंडावर मोठ्यानं जाहीर केली जायची. तीच गोष्ट आता मुद्रांकावर प्रतिज्ञापूर्वक लिहून, नोटरीपुढे सही करून, राज्य शासनाकडून साक्षांकित करून, शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल चिकटवून आणायची होती. हेग करारात भारत 2005मध्ये गेला आणि ब्राझील 2016मध्ये, म्हणून दोघांचेही दाखले या एका शिक्क्यावर भागले. ताईनं तो कागद हातात धरला आणि बराच वेळ वाचला. इतकी वर्षं ज्याबद्दल ती ऐकून घेत आली, त्यावर आता भारत सरकारचा शिक्का होता.

आणि सहजीवनाचा पुरावा? तो मला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सापडला. ए विंगमधल्या एका निवृत्त गृहस्थांचा जुना संदेश : "बी विंगमध्ये एक फॉरेनर गणपतीपासून कायमचा राहत आहे. पाहुणा म्हणून एंट्री करतो. समितीने लक्ष घालावे." खाली अंगठ्यांची रांग. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दिनांक होता, वेळ होती, ठिकाण होतं, "कायमचा" असा निःसंदिग्ध शब्द होता, आणि लिहिणारा अर्जदारांचा नातेवाईक तर नव्हताच, हितचिंतकही नव्हता. ऑडिटमध्ये अशा तटस्थ नोंदीसाठी आम्ही तळमळायचो. त्या संदेशाचं मी नीटस इंग्रजी भाषांतर केलं. गेटवरच्या अ‍ॅपमधल्या पाहुण्याच्या नोंदी छापून त्याला जोडल्या. हॉलंडच्या कार्यालयानं यातलं काही मागितलं नव्हतं, त्यांचे फॉर्म आणि दाखले पुरेसे होते. पण पुरावा हातात असताना तो न जोडणं माझ्या स्वभावात नाही.

त्या गृहस्थांना मी पुढे सगळं सांगितलं. वाटलं, ओशाळतील. ते छाती काढून म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे झालं म्हणा की!" निरोपाला ते बाकरवडीचा पुडा घेऊन हजर होते.

यावरून युरोप उदार आणि आपण कोते, असा निष्कर्ष कुणी काढत असेल तर त्यानं जरा थांबावं. डोकावणं तिकडेही आहे, पण तिथं ते फॉर्म भरून करतात. तिथं गेल्यावर नगरपालिकेत दोघांची नोंद एका पत्त्यावर करावी लागते. नातं तुटलं तर जिच्या आधारावर परवाना मिळाला तिनं खात्याला तसं कळवायचं असतं. भांडण झालं की दोन दिवस माहेरी जाऊन बसायची आपली सोय त्यांच्या अर्जात नाही. आपल्याकडे डोकावणाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही आणि त्याच्याकडे दादही मागता येत नाही. तिथं नकार आला तरी तो कारणासह लेखी येतो आणि त्यावर हरकत घेता येते. फरक असलाच तर एवढाच, पण तो लहान नाही.

उलट बाजूही पाहावी. या दोघांनी ताथवड्यातच राहायचं ठरवलं असतं तर? तो नोकरीच्या व्हिसावर आला होता. प्रकल्प संपला की मुक्काम संपला. अविवाहित साथीदार म्हणून परदेशी माणसाला इथं राहू देणारा व्हिसा आपल्याकडे नाही. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळतं, तेही लग्नाला दोन वर्षं झाल्यावर. उत्तराखंडात 2025पासून लग्नाविना राहणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. म्हणजे कागद आला, पण तो हक्काचा म्हणून आला की नजर ठेवायला म्हणून, हे ज्यानं त्यानं ठरवावं. या दोघांना एकत्र राहायचं म्हणूनच युरोपला जावं लागलं, असं म्हटलं तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

जायच्या आधी ताई सांगलीहून आली. रात्री भाची झोपल्यावर तिनं मनातलं विचारलं, "परक्या देशात त्यानं हिला सोडलं तर रे?" मी फाइल उघडून तिला नियम समजावला. परवाना भाचीच्या नोकरीवर आहे. तो तिच्या आधारानं राहतोय. नातं तुटलं तर तिचं काही जात नाही, त्याचा मुक्काम धोक्यात येतो. ताईनं पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग तिचा चेहरा निवळला आणि क्षणात परत काळजीत पडला. "अगं बाई, मग त्या बिचाऱ्याचं कसं व्हायचं?" सकाळी तिनं भाचीला बाजूला घेऊन बजावलं, की परक्याचं पोर आहे, सांभाळून घे, टाकून बोलू नकोस. सासरी निघालेल्या मुलाच्या सासूनं करावा तो सगळा उपदेश तिनं केला. कुठलंही लग्न न लावता ती सासू होऊन गेली होती. त्यासाठी तिला कुठला अपोस्टिल लागला नाही.

फाइल मंजूर झाली. आता ती दोघं आइंडहोव्हनला एकाच पत्त्यावर, दोघांच्या नावाच्या पाटीखाली राहतात. लग्न केलेलं नाही. करतील की नाही, हे मी विचारत नाही. ताई विचारते, पण आता त्याला विचारते.

माझं सांगणं दोन प्रकारच्या लोकांना आहे. लग्नाशिवाय राहणाऱ्या मुलामुलींना एवढंच, की आपलं नातं घरच्यांपासून लपवा किंवा लपवू नका, पण कागदापासून लपवू नका. पावत्या जपा, तिकिटं जपा, फोटोतून एकमेकांना कापू नका. आणि वाकड-ताथवडे-पुनावळ्याच्या घरमालकांना विनंती, की दोन सज्ञान माणसं भाडं भरायला तयार असतील तर करारावर दोघांचीही नावं घाला. तुमचं काही जात नाही, डिपॉझिट तेवढंच राहतं, आणि त्या दोघांच्या आयुष्यात तो एक कागद पुढे कुठल्या देशात कामाला येईल, सांगता येत नाही.